अँबॅसडरचा चौथा आकडा

२००९च्या डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारी पावणेतीनच्या सुमारास, चिरनेरच्या पुढच्या उतारावर एका काळ्या अँबॅसडर गाडीचे ब्रेक निकामी झाले. गाडीत पाच माणसे होती. चालवणारा करंज्याचा एक नाखवा होता, म्हणजे मासेमारीच्या बोटीचा मालक. मागच्या सीटवर त्याची मुलगी सुवर्णा होती आणि तिच्या शेजारी त्याच सकाळी तिच्याशी लग्न झालेला मुलगा होता. या गाडीचे ब्रेक समाधानकारक आहेत, असे त्या सकाळच्या वर्तमानपत्रात छापून आले होते. ते मी लिहिले होते.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या पनवेल कचेरीत उपसंपादक होते. नगरपालिकेच्या सभा, भूसंपादनाच्या नोटिसा, पाणीकपात ही रोजची कामे. त्याखेरीज महिन्यातून एकदा रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांच्या तुलनेचे सदर मी लिहीत असे. ते माझ्याकडे येण्याचे कारण साधे होते. आधी लिहिणारे सहकारी बदली होऊन गेले आणि कचेरीत गाडी चालवायचा परवाना असलेली मी एकटीच उरले.

कामाची पद्धत ठरलेली होती. शक्यतो एकाच काळातल्या दोन गाड्या घ्यायच्या. आधी कागदावरची तुलना करायची: इंजिन किती घनसेंटिमीटरचे, वजन किती, लांबी किती. मग रस्त्यावरची: चाळिसाचा वेग गाठायला किती सेकंद लागतात, लिटरमागे किती किलोमीटर जाते, वळायला किती रुंद रस्ता लागतो आणि चाळिसाच्या वेगात ब्रेक दाबला तर किती मीटरवर थांबते. शेवटी सगळे आकडे एका चौकटीत मांडायचे.

वाचक चौकट आधी वाचतात. मजकूर वाचलाच तर नंतर. एका निवृत्त अभियंत्याने पाच वर्षे दर महिन्याला पत्र पाठवून माझ्या दशांशचिन्हांवर हरकत घेतली. त्यात ते दोनदा बरोबर होते. खांदा कॉलनीतले एक गृहस्थ आपल्या बंद पडलेल्या जीपची शेजाऱ्याच्या बंद पडलेल्या जीपशी तुलना करा म्हणून तीन वेळा कचेरीत आले. आकडा छापला की लोक त्यावर विश्वास ठेवतात. तो विश्वास मला आवडत असे.

नोव्हेंबरात करंज्याहून नाखव्याचा फोन आला.

"ताय, पुढल्या म्हयन्यात माज्या पोरीचं लगीन हाय. त्या दिवशी पेपरात माजी गाडी पायजे."

मी विचारले, जाहिरात द्यायची आहे का.

"जायरात नको. जायरातीत कोन खरं बोलतो? तू मोजून लिव."

त्याची अँबॅसडर १९७६ची होती. ती वडिलांनी घेतली होती आणि वडील गेल्यानंतर त्याने ती कोणाला चालवायला दिली नव्हती. मुलगी सासरी याच गाडीतून जाणार आणि गाडी आपणच चालवणार, असे त्याने ठरवले होते. मुलीच्या बापाने तिला सासरपर्यंत पोहोचवायला जायची रीत त्यांच्यात नाही. घरचे हसत होते. तो ऐकत नव्हता.

तुलनेसाठी दुसरी गाडी शोधायला वेळ लागला नाही. उलव्याजवळच्या गावातले पांडुशेठ यांच्याकडे १९७८ची पांढरी पद्मिनी होती. त्यांची भातशेती नव्या वसाहतीसाठी गेली होती. मोबदल्यात मिळालेल्या भूखंडावर इमारत उभी राहत होती, आणि तिच्या तळमजल्यावर पहिली जागा त्यांनी पद्मिनीसाठी राखली होती. ते नाखव्याला ओळखत. दोघे एका कबड्डी संघात खेळले होते आणि तेव्हापासून एकमेकांची एकही गोष्ट मान्य करत नव्हते.

चाचणी लग्नाच्या आदल्या रविवारी झाली. उलव्यात तेव्हा रस्ते आधी तयार झाले होते आणि घरे नंतर होणार होती. चार पदरी, सरळ, कोरा डांबरी रस्ता. रविवारी भरावाचे डंपरही बंद. मी पन्नास मीटर अंतरावर चुन्याच्या दोन रेषा मारल्या. जुन्या गाड्यांच्या वेगकाट्यावर भरवसा ठेवता येत नाही. पहिली रेषा ते दुसरी रेषा हे अंतर साडेचार सेकंदांत कापले, तर वेग चाळीस. दुसऱ्या रेषेवर पुढचे चाक आले की ब्रेक. जिथे गाडी थांबेल तिथपर्यंत टेप धरायची.

"ताय, जिथं तू चुना मारतेस ना, तिथं आमचा बांध होता," पांडुशेठ म्हणाले. "आजा असता तर काठी घेऊन धावला असता."

"तुज्या आज्याला काठीची काय गरज? तुजी गाडी बघूनच पळाला असता," नाखवा म्हणाला.

कागदावर दोन्ही गाड्यांची गोष्ट सरळ होती. अँबॅसडरचे इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे, पद्मिनीचे १०८९. अँबॅसडरचे वजन अकराशे किलोच्या वर, पद्मिनीचे नऊशेला थोडे कमी. दोन्हींचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, दोन्हींना चारही चाकांवर ड्रमचे ब्रेक. रस्त्यावर पद्मिनीने चाळिसाचा वेग आधी गाठला. पूल चढताना मात्र पाच माणसे बसवून पाहिली, तेव्हा अँबॅसडर गिअर न बदलता वर गेली आणि पद्मिनीला दुसऱ्या गिअरवर यावे लागले. नाखवा खिडकीतून हात बाहेर काढून पांडुशेठना बोलवत होता.

पांडुशेठना चौकटीत बंपरची उंचीही हवी होती.

"ती कोण वाचणार?" मी विचारले.

"उद्या यानं मागनं ठोकली तर कुठं लागंल ते कळाय नको?"

त्यांचे मन राखायला मी मोजली. पद्मिनीचा मागचा बंपर आणि अँबॅसडरचा पुढचा, यांच्या उंचीत दोन बोटांचा फरक निघाला. वहीत लिहिले. चौकटीत घेतले नाही.

ब्रेकच्या चाचणीत मी रेषेच्या पुढे, रस्त्याच्या कडेला उभी राहत असे. चालक आपल्याकडे बघत नाही, रेषेकडे बघतो. गाडी अंगावर येते, टायरचा आवाज होतो आणि ती थांबते. पाच वर्षांत मला याची सवय झाली नव्हती.

प्रत्येक गाडीच्या चार फेऱ्या घेतल्या. पद्मिनीचे आकडे: १२.४, १२.९, १३.३. मग चहासाठी अर्धा तास थांबलो, आणि नंतर १२.५. ड्रमचे ब्रेक लागोपाठ दाबले की तापतात आणि अंतर वाढते. थंड झाले की पुन्हा कमी होते. पद्मिनीने नियम पाळला.

अँबॅसडरचे आकडे: १३.१, १३.९, १४.८. चहानंतर १७.२.

चौथ्या फेरीत गाडी मला ओलांडून पुढे गेली. मी मागे सरले तेव्हा टाच गटाराच्या कठड्याला लागली. नाखवा उतरला. बोटीवर असतो तसा अनवाणी होता. पेडलकडे आणि मग आपल्या पायाकडे बघून म्हणाला, "पाय सरकला."

पांडुशेठ हसले. "पाय नाय, गाडी सरकली."

नाखव्याने मला बाजूला घेतले. "ताय, त्यो आकडा लिवू नको. मांडवात पोरीचे सासरे बसतील, पेपर त्यांच्या हातात आसंल. ते काय बोलतील? आशा गाडीतून सून आनली?"

मी १७.२च्या पुढे कंसात 'चालकाचा पाय घसरला' असे लिहिले आणि त्यावर एक रेघ मारली. अँबॅसडरच्या तीन आकड्यांची सरासरी १३.९ आली, पद्मिनीच्या चार आकड्यांची १२.८. एका गाडीचे तीन आणि दुसरीचे चार आकडे घेणे या कामात चालत नाही. मला ते माहीत होते.

मजकुरात मी एक हलके वाक्यही टाकले होते: 'अँबॅसडरच्या खालून मासळीचा दरवळ येतो, मालकाचा व्यवसाय पाहता तो क्षम्य ठरावा.' वास कशाचा, हे नाखव्याने चाचणीच्या दिवशीच सांगितले होते. करंज्याला लाकडी बोट किनाऱ्यावर ओढली की तिला मुशीच्या काळजाचे, म्हणजे यकृताचे, तेल चोपडतात. मुशी म्हणजे लहान शार्क. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकते ते त्या तेलामुळे. खाऱ्या हवेत गाडीचा पत्रा गंजतो, म्हणून नाखव्याचे वडील अँबॅसडरलाही खालून तेच तेल लावत, आणि आता तो लावत होता. लग्न होते म्हणून यंदा दोन हात दिले होते. पत्रा खरोखर कोरा होता. त्याचे मी मजकुरात कौतुक केले.

पुढच्या रविवारी अंक निघाला. नाखव्याने मांडवात वाटायला गठ्ठाभर प्रती मागवल्या होत्या. मला लग्नाचे बोलावणे होते, पण त्या दिवशी कचेरीत दुसरे कोणी नव्हते. दुपारी एकच्या सुमारास मी जेवायला बाहेर पडले आणि वाटेत रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये एक प्रत द्यायला थांबले. पनवेलमधल्या जुन्या गाड्या रशीदभाईंच्या हातून जात. पद्मिनी त्यांच्याकडे होती, अँबॅसडर नव्हती. नाखव्याची गाडी बंदरावरचा बोटीच्या इंजिनांचा मिस्त्री बघत असे.

पांडुशेठ तिथेच होते. ब्रेकमध्ये आपली गाडी जिंकल्याचे त्यांना कोणाला तरी दाखवायचे होते. पद्मिनी धुऊन पुसून दारात उभी होती.

रशीदभाईंनी चष्मा लावून मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला. चौकट त्यांनी शेवटी वाचली. असे करणारा माझ्या माहितीतला तो एकच वाचक. वासाच्या वाक्यावर त्यांचे बोट थांबले.

"मॅडम, ये वास कशाचा?"

मी सांगितले. पांडुशेठनी बोटीची, तेलाची, दोन हातांची गंमत जोडली.

रशीदभाई हसले नाहीत. "खालून सगळीकडे लावतो? पायपांना पण?"

"सगळीकडे. ब्रशने."

"कधीपासून?"

"वडिलांच्या वेळेपासून."

त्यांनी पेपर घडी करून बाकावर ठेवला. "ब्रेकचे असली आकडे आहेत तुमच्याकडे? छापलेले नको. असली."

वही आणि टेप पिशवीतच होत्या. मी पान उघडून दिले. रशीदभाईंनी बोटाने चार आकडे एकेक करून वाचले आणि रेघ मारलेल्या आकड्यावर बोट ठेवून विचारले, "हा चायच्या आधीचा की नंतरचा?"

"नंतरचा. अर्ध्या तासाने."

"मग ही ड्रमची गर्मी नाय, मॅडम. थंड झाल्यावर कमी व्हायला पायजे होता. वाढला." त्यांनी बाकाखालून रबरी नळीचा वीतभर तुकडा काढला. चाकापाशी लोखंडी पाइप हलू शकत नाही, म्हणून शेवटचा भाग रबराचा असतो. पेडल दाबले की ब्रेकचे तेल त्यातूनच चाकाकडे जाते. "हे रबर. ह्याला असलं तेल चालत नाय. फुगतं, मऊ होतं. ब्रेक दाबला की ताकद चाकाला जात नाय, नळी फुगवण्यात जाते. दर वेळी थोडी जास्त. मग एक दिवस फाटते. त्या गाडीत चारी चाकांना तेल एकाच ठिकाणाहून जातं. एक नळी फाटली की चारी चाकं खलास."

"पाय सरकला बोल्ला तो," पांडुशेठ म्हणाले.

"पाय बरोबर होता. पेडल खाली गेलं."

मी नाखव्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्या वेळी एका बाईने उचलला. मागे बँड होता.

"नाखवा आहेत का? त्यांना सांगा, गाडी काढू नका."

"गारी निंगाली कवाच. नवरीला घेऊन गेले," ती म्हणाली. "मी मावशी तिची. फोन हितंच इसरलाय त्यो. काय बोल्लीस? ऐकू येत नाय."

मी पुन्हा सांगितले. फोन कट झाला. एक वाजून पन्नास मिनिटे झाली होती. उरणच्या आमच्या वार्ताहराला फोन केला. तो अलिबागला होता. नवऱ्या मुलाचे गाव चिरनेरच्या पुढे होते. चिरनेरपर्यंत रस्ता सपाट आहे. त्यानंतर तो टेकडी चढतो आणि पलीकडे वळणे घेत उतरतो. सपाटीवर अँबॅसडर सावकाश जाईल. गावागावात थांबवतील, नारळ देतील. ब्रेक जोरात दाबायची वेळ येणार ती उतारावर.

पांडुशेठ तोवर गाडीत बसून इंजिन सुरू करून मोकळे झाले होते. रशीदभाईंनी एक पान्हा आणि एक नवी नळी खिशात घातली आणि ते मागे बसले. मी पुढे.

बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची रांग लागली होती. पांडुशेठ डाव्या बाजूच्या मातीवरून गाडी काढत होते. रशीदभाई मागे ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. गाडीतल्या दुसऱ्या कोणाचा नंबर मिळेल म्हणून मी नाखव्याच्या नंबरावर पुन्हा पुन्हा फोन करत होते आणि फोन वाजून बंद पडत होता. चिरनेरला पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. नाक्यावर भाजी विकणाऱ्या बाईला पांडुशेठनी विचारले, काळी गाडी बघितली का.

"फुलं लावल्याली? आत्ताच गेली की वर. नवरा-नवरी हायत."

चढाच्या मध्यावर अँबॅसडर दिसली. मागच्या काचेवर झेंडूच्या माळा. काचेतून शालूचा पदर आणि तीन डोकी दिसत होती. पांडुशेठनी हॉर्न वाजवला आणि सोडला नाही.

खिडकीतून नाखव्याचा हात बाहेर आला. तो हाताने आम्हाला बोलवत होता, जसा उलव्याच्या पुलावर बोलवत होता. अँबॅसडरचा वेग वाढला.

"त्याला वाटतंय शर्यत लावलीय," पांडुशेठ म्हणाले. ते खिडकीतून ओरडले. वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात ते पलीकडे गेले नाही. चढावर अँबॅसडर पुढे राहते, हे मीच मोजले होते. ती पुढे राहिली. माथ्यावर आमच्यात तिच्या तीन लांब्यांइतके अंतर होते.

उताराच्या पहिल्या वळणावर तिचे मागचे लाल दिवे लागले आणि ती सावकाश वळली. दुसऱ्या वळणावर दिवे मिणमिणले आणि विझले. गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला गेली, चाकांनी खडी उडवली आणि परत रस्त्यावर आली.

"दिवा नाय लागला," रशीदभाई म्हणाले. "त्या गाडीत दिवा तेलाच्या दाबावर लागतो. दाब नाय. नळी गेली."

नाखव्याचा हात आत गेला होता. गिअर खाली घेतल्याचा खरखराट ऐकू आला, मग आणखी एक. त्याने गाडी दुसऱ्या गिअरवर आणली होती. त्यामुळे ती पळत सुटली नाही. पण वेग कमीही होत नव्हता. मागची चाके क्षणभर धरली आणि सुटली. रशीदभाई म्हणाले, तो हँडब्रेक. मुशीचे तेल ड्रमच्या आत गेले असणार, म्हणून धरत नाही. मागच्या काचेत सुवर्णाचे तोंड दिसले. ती आमच्याकडे बघत होती. तिला काय झाले आहे ते कळले होते.

पुढे एक सरळ टप्पा होता आणि त्याच्या शेवटी डावे वळण. वळणाला दगडी कठडा होता. तो मध्येच संपत होता. त्यापलीकडे झाडांचे शेंडे दिसत होते. झाडांची बुडे दिसत नव्हती.

"ताय, वजन किती त्याचं?" पांडुशेठनी विचारले.

"अकराशेच्या वर. माणसं पाच."

"माजं?"

"नऊशेला कमी. आपण तिघं."

"बंपर?"

"दोन बोटांचा फरक."

त्यांनी उजवीकडून गाडी बाहेर काढली. समोरून काही येत आहे का, ते वळणापलीकडे दिसत नव्हते. अँबॅसडरच्या शेजारून जाताना नाखवा माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे पुढे. त्याच्या शेजारी सुवर्णाची धाकटी बहीण डॅशबोर्डला धरून बसली होती. रशीदभाईंनी खिडकीतून ओरडून त्याला सांगितले, "सीधा धर. आमच्या मागे सीधा."

पद्मिनी पुढे गेली आणि पांडुशेठनी वेग कमी केला. मी आरसा बघितला नाही. धक्का आला तेव्हा वही माझ्या मांडीवरून खाली पडली. पत्रा घासल्याचा आवाज आला आणि मग येत राहिला. पांडुशेठ ब्रेकवर जवळजवळ उभे होते. मागून अँबॅसडर ढकलत होती. पद्मिनीचे ड्रम तापल्याचा जळका वास आला. चाचणीत तो वास आला की आम्ही थांबून चहा घेत असू.

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या अवस्थेत थांबल्या.

काही वेळ कोणी दार उघडले नाही. मग मागून सुवर्णाचा आवाज आला. "बाबा, आता तरी उतरू?"

कोणाला मोठी इजा नव्हती. नवऱ्या मुलाच्या करवलीच्या कपाळाला टेंगूळ आले होते. सुवर्णाच्या हिरव्या चुड्यातल्या चार बांगड्या फुटल्या होत्या आणि मनगटावर एक ओरखडा होता. करवली रडू लागली, की हा अपशकुन. सुवर्णाने काचा पदरात गोळा केल्या. "हात हाय ना? मग बांगड्या मिळतील," ती म्हणाली.

पांडुशेठ आपला मागचा बंपर बघत होते. तो मधोमध आत गेला होता. नाखवा अनवाणी रस्त्यावर उतरला आणि पांडुशेठसमोर येऊन उभा राहिला.

"चढावर तुजी, उतारावर माजी," पांडुशेठ म्हणाले. "आता पोरीला माज्या गाडीत बसव. तिकडं लोक थांबलेत."

सुवर्णा सासरी पद्मिनीतून गेली. नवरा मुलगा, करवली आणि धाकटी बहीणही त्याच गाडीतून गेली. उतारावर नाखवा, रशीदभाई आणि मी राहिलो. रशीदभाई पुढच्या चाकामागे हात घालून नळी सोडवू लागले. ती सोडवताना अर्धी हातात आली. त्यांनी ती नाखव्याच्या तळहातावर ठेवली. शिजलेल्या माकुलासारखी, म्हणजे स्क्विडसारखी, मऊ होती. एका बाजूला बोटभर फाटली होती.

नाखव्याने ती दाबून बघितली, नाकाशी नेली. "आमी तर तिला जपलं," तो म्हणाला. "बाबांनी शिकवलं तसं."

रशीदभाई म्हणाले, "बोटीला रबर नसतं, नाखवा."

थोड्या वेळाने तो माझ्याकडे वळला. "ताय, मीच बोल्लो होतो, लिवू नको." आकडा त्याने सांगितला म्हणून खोडला गेला नव्हता; पेन माझ्या हातात होते.

सोमवारी मी कार्यकारी संपादकांना सगळे सांगितले आणि पुढच्या अंकात चारही आकडे, क्रमाने, कारणासह छापावेत असे लिहून दिले. ते म्हणाले, दुरुस्तीला तीन ओळींपेक्षा जास्त जागा देत नाहीत. पुढच्या रविवारी छापून आले ते असे: 'गेल्या अंकातील चौकटीत अँबॅसडरचे थांबण्याचे अंतर १३.९ मीटरऐवजी १४.८ मीटर असे वाचावे.' चार आकड्यांची सरासरी तेवढीच येते. निवृत्त अभियंत्यांचे पत्र आले. दुरुस्तीबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले होते.

सदर मी त्यानंतर दोन वर्षे लिहिले. चौकटीत सरासरी देणे बंद केले; सगळे आकडे घेतल्या क्रमाने छापत गेले. चौकट मोठी होते म्हणून तक्रारी आल्या. पांडुशेठनी बंपर सरळ करून घेतला नाही. नाखव्याने अँबॅसडरच्या सगळ्या नळ्या रशीदभाईंकडून बदलून घेतल्या. तेल तो अजून लावतो; नळ्यांना आधी प्लास्टिक गुंडाळतो.

ती वही माझ्याकडे आहे. अँबॅसडरच्या रकान्यात चौथ्या आकड्यावरची रेघ तशीच आहे. त्याखाली त्या दुपारी उतारावर, पद्मिनी सुवर्णाला घेऊन निघण्याआधी, रशीदभाईंनी टेपचे दुसरे टोक धरले असताना घेतलेली पाचवी नोंद आहे. वेग: माहीत नाही. थांबण्याचे अंतर: मोजता आले नाही. पद्मिनीच्या पुढच्या चाकापासून कठड्याच्या शेवटच्या दगडापर्यंत: तीन मीटर चाळीस सेंटिमीटर.